इन-एन-आउट की व्हॉटाबर्गर? ओटीवर पोहोचलेलं एक अमेरिकन भांडण

गणपतीत आमच्या ओटीवर एक तरी भांडण होतंच. विषय साधारण ठरलेले. परसातल्या फणसावर हक्क कुणाचा, आरतीत एक कडवं कुणी गाळलं, आणि हे दोन्ही संपलं की देवगडचा हापूस चांगला की रत्नागिरीचा. गेल्या गणपतीत मात्र पुतण्या ह्यूस्टनहून आणि भाची सॅन होजेहून एकाच वेळी घरी आली, आणि दुसऱ्या दिवशी उकडीचे मोदक पोटात असतानाच दोघं बर्गरवरून जुंपली. ती म्हणे इन-एन-आउट. तो म्हणे व्हॉटाबर्गर. आवाज इतके चढले की शेजारच्या वाड्यातले काका कंदील घेऊन बघायला आले. लाईट तेव्हा गेलेली होती.

मला दोन्ही नावं ऐकून माहीत होती, पण बर्गरसाठी माणसं इतकी का पेटतात ते कळेना. नंतर शोधत गेलो तेव्हा लक्षात आलं की हे भांडण चवीचं कमी आणि दोन गोष्टींचं जास्त आहे: मांस किती लांब नेता येतं आणि दुकानाचा मालक कोण असतो. आपल्याकडे मासळीवाल्याला आणि आंबा बागायतदाराला या दोन्ही गोष्टी जन्मापासून ठाऊक असतात. तेव्हा त्यांचीच मदत घेऊन सांगतो.

प्रादेशिक साखळी म्हणजे काय?

एकाच नावाची, एकाच पद्धतीने चालणारी आणि एकाच यादीतले पदार्थ विकणारी बरीच दुकानं म्हणजे साखळी. मॅकडॉनल्ड्स ही जगभर पसरलेली साखळी; तिची दुकानं चाळीस हजारांच्या वर आहेत. प्रादेशिक साखळी एका मुलखापुरती राहते. तिथल्या लोकांना ती घरची वाटते, बाहेरच्यांना तिचं फक्त नाव माहीत असतं.

पण मुलूख म्हटल्यावर आपला तालुका डोळ्यांपुढे आणू नका. एकटं टेक्सास महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठं आहे. तिथे 'आमच्याकडची साखळी' म्हणजे शेकडो दुकानं.

अशा साखळ्या अमेरिकेत जागोजागी आहेत. विस्कॉन्सिनमध्ये कल्व्हर्स आहे. १९८४ साली सॉक सिटी नावाच्या छोट्या गावात ती सुरू झाली आणि लोण्यात भाजलेल्या पावासाठी प्रसिद्ध आहे. व्हाइट कॅसल सगळ्यात जुनी, १९२१ची, कॅन्ससमधल्या विचिटा गावची. तिचे चौकोनी चिमुकले बर्गर सुरुवातीला पाच सेंटला मिळायचे. आमच्या ओटीवरचं भांडण मात्र कॅलिफोर्निया आणि टेक्सासचं होतं, म्हणून त्या दोघांवरच थांबू.

बर्फाची पेटी जिथवर जाते तिथवर

इन-एन-आउट १९४८ साली हॅरी आणि एस्थर स्नायडर या नवरा-बायकोने लॉस एंजेलिसजवळच्या बाल्डविन पार्कमध्ये सुरू केलं. गाडीतून न उतरता माइकवर ऑर्डर द्यायची आणि पुढच्या खिडकीतून पुडकं घ्यायचं, ही सोय त्यांनी पहिल्या दिवसापासून ठेवली. आत गेलात, बाहेर आलात, म्हणून इन-एन-आउट. यादी तेव्हाही आखूड होती, आजचीही आखूडच: साधा बर्गर, चीजचा, दोन टिक्क्या आणि दोन चीजचा 'डबल-डबल', बटाट्याचे फ्राइज, शेक, थंड पेयं. चिकन नाही, मासे नाहीत.

आता मुद्द्याची गोष्ट. ही साखळी मांस गोठवत नाही. दुकानात फ्रीझर नाही, मायक्रोवेव्हही नाही. मांसाच्या टिक्क्या कंपनीच्या स्वतःच्या कारखान्यात तयार होतात आणि थंड, पण न गोठलेल्या अवस्थेत दुकानात पोहोचतात. म्हणून नवीन दुकान उघडायचं तर ते कारखान्यापासून गाडीने एका दिवसात गाठता येईल एवढ्याच अंतरावर.

हर्णैच्या किनाऱ्यावर संध्याकाळी लिलाव बघितला असेल तर हे लगेच उमगेल. होड्या लागतात, वाळूवर मासळीचे ढीग पडतात, बोली होते. त्यानंतर सगळा खेळ बर्फाचा. दापोलीत त्याच रात्री कालवणात पडणारी सुरमई वेगळी, बर्फ घालून दुसऱ्या दिवशी पुण्यात पोहोचलेली वेगळी, आणि महिनाभर दगडासारखी गोठवून ठेवलेली आणखी वेगळी. गोठवलेली वाईट नसते, खाल्ल्याने काही होतही नाही. पण गोठताना मांसातल्या पाण्याचे अणकुचीदार स्फटिक होतात, ते पेशी फाडतात, आणि परत वितळताना ते पाणी वाहून जातं. तुकडी तव्यावर टाकली की पाणी सुटतं आणि ती तळली जाण्याऐवजी शिजते. आमच्याकडे अशा मासळीला 'पिचपिचीत' म्हणतात. बर्गरच्या टिक्कीचंही हेच.

गोठवलेल्या मालाला मात्र अंतराची भीती नसते. मोठ्या साखळ्या पसरल्या त्या यावरच. खुद्द मॅकडॉनल्ड्सने अमेरिकेत आपल्या 'क्वार्टर पाउंडर'साठी गोठवलेलं सोडून ताजं मांस वापरायला सुरुवात केली ती २०१८ साली. तिथे इतर बर्गरांना अजूनही गोठवलेल्या टिक्क्या जातात.

या एका हट्टापायी इन-एन-आउट किती सावकाश वाढलं बघा. १९७६ साली हॅरी स्नायडर वारले तेव्हा, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनंतर, दुकानं होती अठरा. कॅलिफोर्नियाबाहेरचं पहिलं दुकान १९९२ साली, शेजारच्या नेवाडातल्या लास वेगासमध्ये. टेक्सासमध्ये जायला २०११ उजाडलं, कारण बाल्डविन पार्क ते डॅलस हे अंतर दोन हजार किलोमीटरच्या वर. आधी डॅलसला टिक्क्यांचा कारखाना उभा करावा लागला. २०२० मध्ये कोलोरॅडोत जातानाही तेच: कोलोरॅडो स्प्रिंग्जला कारखाना, मग दुकानं. पहिल्या दिवशी तिथे गाड्यांची रांग इतकी लागली की लोकांनी बर्गरसाठी तासन् तास गाडीत काढले. भाची म्हणाली, "मामा, यात नवल काय? तुम्ही चिपळूणला शिमग्यात एस्टीसाठी उभे राहताच ना?" मी गप्प बसलो.

पाच इंचांचा पाव

व्हॉटाबर्गरची सुरुवात १९५० सालची, टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या कॉर्पस क्रिस्टी या बंदराच्या गावी. हार्मन डॉब्सन नावाच्या माणसाला दोन हातांनीच धरावा लागेल असा बर्गर करायचा होता, आणि पहिला घास घेतल्यावर खाणाऱ्याच्या तोंडून 'व्हॉट अ बर्गर' निघालं पाहिजे, ही अपेक्षा. त्यासाठी त्याने पाच इंच रुंदीचा पाव मुद्दाम करवून घेतला. किंमत पंचवीस सेंट. पुढे नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचं, उतरत्या छपराचं दुकान ही त्यांची ओळख झाली.

इथला हट्ट दुसऱ्या जातीचा आहे. यादी लांब, मागाल ते घालून देणार, आणि दुकान रात्रंदिवस उघडं. सकाळचा नाश्ता रात्री अकराला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी अकराला संपतो. रात्रपाळीची नर्स, ट्रकवाला, परीक्षेच्या आदल्या रात्रीचा विद्यार्थी, सगळे तिथे सापडतात. आपल्याकडे हायवेवर रात्री दोन वाजता एस्टी थांबते त्या हॉटेलासारखं समजा. फक्त तिथे ड्रायव्हर-कंडक्टरला वेगळं टेबल नसतं.

ऑर्डर दिली की नंबर लिहिलेला एक नारिंगी प्लॅस्टिकचा तंबू हातात देतात. तो टेबलावर ठेवायचा, पदार्थ आणणारा तो बघून येतो. हे तंबू लोक खिशात घालून घरी नेतात, हा टेक्सासमधला जुना उद्योग. आमच्या पुतण्याच्या सामानात एक निघाला. सत्तावीस नंबर. आईने तो आरतीच्या पुस्तकांवर वजन म्हणून ठेवला, आणि पाचही दिवस तो तिथेच होता.

पण टेक्सासचा माणूस व्हॉटाबर्गरवर जीव का टाकतो हे कळायला मला दुसरी गोष्ट उपयोगी पडली. जुलै २०२४ मध्ये बेरील चक्रीवादळ ह्यूस्टनवर आलं आणि वीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. कुठे वीज आहे आणि कुठे नाही हे दाखवणारा वीज कंपनीचा नकाशा तेव्हा चालू नव्हता. कुणाच्या तरी डोक्यात आलं की व्हॉटाबर्गरच्या ॲपवर प्रत्येक दुकान दिसतं, उघडं असेल तर नारिंगी, बंद असेल तर राखाडी. आणि ही दुकानं एरवी कधी बंदच नसतात! म्हणजे राखाडी ठिपका दिसला की त्या भागात वीज नाही. सगळं शहर बर्गरवाल्याच्या ॲपवर विजेचा अंदाज घेऊ लागलं. पुतण्या हे ओटीवर अंधारात सांगत होता. मला जून २०२० आठवला. निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडात कितीतरी दिवस वीज नव्हती, फोन लागत नव्हते, आणि कुणाच्या घराचं छप्पर राहिलं हे आम्हाला एका दूध घालणाऱ्या पोराकडून कळत होतं. रोज ठरल्या वेळी येणारं माणूस आलं नाही की काहीतरी बिघडलंय हे कळतं. या दुकानाला टेक्सासमध्ये तशी जागा आहे.

बाग स्वतः करायची की करारानं द्यायची?

आता मालकीकडे. इथे एकच अवघड शब्द आहे: फ्रँचायझी. नाव, पद्धत आणि पदार्थांची यादी कंपनीची. दुकान चालवायचं, पैसे घालायचे आणि नोकर सांभाळायचे ते दुसऱ्याने. आणि विक्रीतला ठरलेला हिस्सा कंपनीला द्यायचा.

आंब्याच्या बागेचं उदाहरण घ्या. एक मालक स्वतः फवारणी करतो, स्वतः राखण करतो, आंबा स्वतः उतरवतो, पेट्या भरतो आणि नावानिशी विकतो. दुसरा मालक मुंबईत राहतो. कलमं करारानं देतो आणि वर्षाला पैसे घेतो. दुसऱ्याच्या दहा बागा होऊ शकतात, पहिल्याच्या दोनच. पण कोवळा आंबा घाईने उतरवला तर पहिल्याला लगेच कळतं. दुसऱ्याला कळतं ते गिऱ्हाईक शिव्या घालू लागल्यावर.

इन-एन-आउट हा पहिला मालक. फ्रँचायझी देतच नाही. सगळी दुकानं कंपनीची, कंपनी स्नायडर कुटुंबाची, आणि आज ती हॅरी-एस्थरची नात लिन्सी स्नायडर सांभाळते. मॅकडॉनल्ड्स हा दुसरा मालक, तोही खास: त्याची सुमारे पंच्याण्णव टक्के दुकानं इतरजण चालवतात, आणि जागा बहुतेक ठिकाणी कंपनीच्या ताब्यात असल्यामुळे दुकानदार विक्रीतल्या हिश्शाबरोबर भाडंही भरतो. व्हॉटाबर्गर मधला. बरीच दुकानं स्वतःची, काही करारावर.

तरीही टेक्सासला धक्का बसलाच. २०१९ मध्ये डॉब्सन कुटुंबाने कंपनीतला मोठा हिस्सा शिकागोच्या एका गुंतवणूक कंपनीला विकला. पाव तोच, नारिंगी पट्टे तेच. पण गावचा आंबा आता बाहेरच्याचा झाला, अशी हळहळ राज्यभर उठली. ह्यूस्टनच्या फुटबॉल संघातला जे. जे. वॉट याने तर आपण सगळे वर्गणी काढून ती परत घेऊया असं समाजमाध्यमावर लिहून टाकलं. गंमतच होती, पण लोकांनी ती मनावर घेतली.

मागणी आहे, तर सगळीकडे का नाही उघडत?

हा प्रश्न मीही विचारला. उत्तराचा अर्धा भाग वर आलाच: ताज्या मांसाचा कारखाना आधी हवा, आणि एका कारखान्याचा खर्च भरून निघायला आसपास पुरेशी दुकानं हवीत. म्हणून ही साखळी एक दुकान इथे, एक तिथे अशी उडी मारत नाही. शेकोटीच्या उबेसारखी, कडेकडेने सरकते. मधली मोकळी जागा ओलांडायची तर दुसरी शेकोटी पेटवावी लागते. २०२३ साली त्यांनी टेनेसीत जाण्याचं जाहीर केलं तेव्हा अमेरिकेत मोठी बातमी झाली ती त्यामुळेच. देशाच्या पूर्वेकडे त्यांचं ते पहिलंच पाऊल.

दुसरा भाग माणसांचा. फ्रँचायझी न देणाऱ्याला प्रत्येक दुकानासाठी स्वतःचा तयार व्यवस्थापक लागतो, आणि तो खालपासून वर आलेला असावा असा इन-एन-आउटचा आग्रह. अशी माणसं घाईने तयार होत नाहीत.

आणि तिसरं, जे कुणी मोठ्याने म्हणत नाही: न मिळणं हाही मालाचा भाग आहे. हापूस बारा महिने मिळाला असता तर त्याची एवढी वाट कुणी पाहिली असती का? पण यावर मी फार भर देणार नाही. कंपनीने मुद्दाम तुटवडा केला असं म्हणायला आधार नाही. तो ताज्या मांसाच्या हट्टातून आपोआप आला.

म्हणजे घरचं ते चांगलं आणि करारावरचं वाईट?

नाही, आणि इथे भाचीला मी थांबवलं. व्हाइट कॅसल आजही संस्थापकांपैकी एकाच्या कुटुंबाकडे आहे, अमेरिकेत फ्रँचायझीच्या वाटेला फारसं गेलेलं नाही, आणि तरी तेच बर्गर गोठवून देशभरच्या किराणा दुकानांत विकतं. त्यांच्या टिक्कीला पाच भोकं असतात आणि ती कांद्यावर वाफवतात, त्यामुळे गोठवलेलं परत गरम केलं तरी फार बिघडत नाही. कोळंबी ताजीच हवी, पण सुकटीची चटणी सुकटीचीच लागते, तसं ते आहे. कल्व्हर्स उलट टोकाला: बहुतेक दुकानं फ्रँचायझीची, पण मालकाने स्वतः दुकानात उभं राहिलं पाहिजे असा करारच. बाग करारानं दिली तरी करार करणारा रोज बागेत असेल तर आंबा चांगला निघतो.

तेव्हा मालकी कुणाची हे विचारण्यापेक्षा टिक्की बिघडली तर सगळ्यात आधी कुणाला कळतं, हे विचारलेलं बरं.

आपल्या वडापावाची अशी साखळी का नाही?

आहे की. मालाडला २००१ साली जम्बोकिंग सुरू झाली, २००४ मध्ये कल्याणहून गोली आली. गोलीने वडे कारखान्यात एकसारखे करून, गोठवून दुकानोदुकानी पाठवायचा रस्ता धरला. म्हणजे मॅकडॉनल्ड्सचा रस्ता. शिकाऊ पोरगा दोन आठवड्यांत दुकान सांभाळू शकतो, आणि वडा कुठेही तसाच लागतो.

याच्या उलट आमच्या स्टँडबाहेरचा वडेवाला. बटाटा किती कुस्करायचा, लसूण कधी टाकायची, पीठ आज दमट हवेत किती सैल ठेवायचं, सगळं त्याच्या मनगटात. एकदा त्याच्या मुलीचं लग्न होतं तेव्हा चार दिवस भावाने गाडी चालवली आणि चौघांनी पहिल्याच दिवशी विचारलं, आज कोण आहे कढईवर? अशा हाताची साखळी करायची तर आधी तो हात कागदावर उतरवावा लागेल: इतके ग्रॅम, इतकी मिनिटं, इतकं तापमान. स्नायडरांनी आणि डॉब्सनने नेमकं तेच केलं, पण यादी आखूड ठेवून किंवा पावाची रुंदी पक्की करून. पदार्थ इतका सोपा ठेवला की हात बदलला तरी फरक कमी पडावा. वडा त्या मानाने नाठाळ पदार्थ आहे.

तर जिंकलं कोण?

भांडण रंगात आलं असताना आई आतून आली. पदराला हात पुसत तिने एकच विचारलं, "एवढं भांडताय, त्याच्या आत असतं काय रे?"

दोघंही गप्प. अमेरिकेत बर्गर म्हणजे गोमांस, हे मी जाणून होतो. भारतातल्या मॅकडॉनल्ड्समध्ये ते नसतं, १९९६ला इथे आल्यापासूनच नाही. मग हळूच एकेक बाहेर आलं. भाची शाकाहारी. इन-एन-आउटमध्ये ती 'ग्रिल्ड चीज' घेते. तेच पाव, चीज, कांदा, टोमॅटो, फक्त टिक्की नाही. पुतण्या गोमांस खात नाही. तो रात्री अकरानंतर जाऊन 'हनी बटर चिकन बिस्किट' घेतो, म्हणजे मध-लोणी लावलेलं तळलेलं चिकन खारीसारख्या खुसखुशीत पावात. ताज्या टिक्कीच्या ज्या गणितावर मी आत्तापर्यंत एवढं सांगितलं, त्यातली टिक्की दोघांपैकी एकानेही कधी तोंडात घातलेली नव्हती.

पुढे पुतण्याची बदली कोलोरॅडो स्प्रिंग्जला झाली. तिथे दोन्ही साखळ्यांची दुकानं आहेत. एका रविवारी त्याने घरच्या ग्रुपवर फोटो टाकला: गाडीच्या सीटवर दोन पुडकी शेजारी शेजारी, एकावर लाल ताडाची झाडं, दुसऱ्यावर नारिंगी पट्टे. भाचीने लगेच सहा चिन्हं टाकली, मी अंगठा दाखवला.

आईने चष्मा लावून फोटो मोठा करून बघितला आणि मला लिहायला सांगितलं, "आत काय आहे ते अजून सांगितलं नाहीस."